ठमीबायचा डूख

ठमीबाय घरत ही माझी घरमालकीण. मांडव्याच्या जेट्टीपासून तीन किलोमीटरवर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. बोर्ली पंचतनहून माझी तिथे बदली झाली, तेव्हा तिने घराची मागची खोली मला राहायला दिली. पहिल्याच दिवशी बजावलं, "बाई, नल कधीपन वापरा. फक्त तुलशीशी बोलायचं न्हाय." तुळशी म्हणजे तिची जाऊ. लग्नाच्या मांडवात हळदीचं ताट आधी कोणी धरायचं यावरून दोघींचं बिनसलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली होती. मधल्या भिंतीत एक खिडकी होती. ती ठमीबायने विटा लावून बुजवून घेतली होती, आणि गिलावा मात्र तुळशीच्या बाजूने केला नव्हता.

ही बाई विसरायची नाही. तिचा नवरा बुधाजी, पूर्वी पेणच्या बाजूला मिठागरावर कामाला होता, आता घरीच जाळी विणत बसायचा. तो म्हणायचा, "हिला येकदा लागलं का लागलं."

गावाच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून, वल्लरी मॅडमचा बंगला होता. मॅडम आणि त्यांचे यजमान अजेय मुंबईला राहायचे, शनिवार-रविवार इथे यायचे. बाकीचे पाच दिवस बंगला ठमीबायच्या हातात असायचा. झाडलोट, स्वयंपाक, चाव्या, सगळं तिच्याकडे, आणि सात वर्षांपासून कुत्राही.

कुत्रा कारवानी जातीचा. अजेयसाहेबांनी मुधोळकडून पिल्लू असताना आणला होता. दुधाळ कॉफीच्या रंगाचा, उंच, पोट आत गेलेलं, लांब निमुळतं तोंड. नाव ठेवलं ड्यूक. ठमीबायच्या तोंडी त्याचा डूख झाला. साप किंवा बैल मनात वैर धरून राहतो त्याला आपण डूख धरला म्हणतो, ते तिला ठाऊक होतं, पण तिला त्यात काही गैर वाटलं नाही. "नाव शोभतंय त्याला," म्हणायची.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो बंगल्याच्या पायऱ्यांवर सर्वांत वरच्या पायरीला पुढचे पाय एकावर एक टाकून बसला होता. मी हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या डोक्यावरून समुद्राकडे पाहिलं. मग जे पाहत होता ते पाहून झाल्यावर सावकाश उठला, माझी साडी एकदा हुंगली आणि परत जागेवर जाऊन बसला. माझी मुलाखत संपली होती.

त्याचे नियम पुष्कळ होते. दार अर्धवट उघडं असलं तरी तो नाकाने ढकलायचा नाही. कोणी येऊन ते पूर्ण उघडेपर्यंत उभा राहायचा. मागच्या फाटकातून त्याने कधी पाऊल टाकलं नाही. नोकरमाणसं तिथून जात. गावातली कुत्री भुंकत मागे लागली की तो चाल बदलायचा नाही, मान वळवायचा नाही, आणि थोड्या वेळाने ती कुत्रीच ओशाळून थांबायची. फेकलेला तुकडा त्याने कधी खाल्ला नाही. त्याच्यासाठी निळ्या काठाची चिनी मातीची बशी होती. दुपारी साडेबाराला ती समोर ठेवायची आणि ठेवणाऱ्याने दोन पावलं मागे सरायचं. सरल्याशिवाय तो तोंड लावायचा नाही. एकदा पाहुण्यांच्या मुलाने गंमत म्हणून बशीजवळच उभं राहायचं ठरवलं. तासाभराने मुलगा कंटाळून गेला, मग हा जेवला.

जेवण ठमीबाय करायची. कोंबडीचे पाय आणि माना, लाल भोपळा, तांदूळ, चिमूटभर हळद, सगळं एकत्र शिजवून गाळ करायचा. मीठ नाही. सात वर्षं तिने रोज तेच केलं, आणि सात वर्षं त्याने रोज बशी स्वच्छ केली.

त्याने कुणावर प्रेम केलं की नाही मला सांगता येणार नाही. पण ती कामाला येताना तो फाटकापर्यंत चालत यायचा, आणि दुसऱ्या कुणासाठी तो उठायचाही नाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मॅडमकडे मुंबईचे सहा पाहुणे आले. त्यांतल्या एका बाईंना कुत्र्यांची फार कणव होती. त्यांनी डूखच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "किती हाडं लागतायत गं याची. तुम्ही नसता तेव्हा याला खायला मिळतं ना?"

मॅडमना ते लागलं. चारचौघांत लागलं. त्या उठून आत गेल्या, फ्रीज उघडला, कोंबडीची पाकिटं किती उरलीत ते पाहिलं आणि ठमीबायला व्हरांड्यात बोलावलं.

"याला रोज किती घालतेस?"

"तुमी सांगलंय तेवरंच. बशीभर."

"मग हा असा का? मागच्या आठवड्यातली पाकिटं संपलीत."

"मॅडम, ही जातच अशी हाय. बरगड्या दिसतातच. दवाखान्यातल्या डाक्टरनी सांगलंय मना."

पाहुण्या बाई हळूच हसल्या असाव्यात. मॅडमचा आवाज खाली आला, तो जास्त वाईट होता. "ठमी, तुझ्या घरी खाणारी तोंडं जास्त आहेत, मला माहीत आहे. मागितलं असतंस तर दिलं असतं. पण मुक्या जनावराच्या तोंडचं काढून घरी न्यायचं, याचं मला वाईट वाटलं."

ठमीबायने कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला आणि ती पायऱ्या उतरली. डूख फाटकापर्यंत तिच्याबरोबर आला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

पाहुण्यांच्या ड्रायव्हरने हे सगळं ऐकलं होतं. त्याच्याकडून ते रिक्षास्टँडवर गेलं, तिथून तिन्हीसांजेपर्यंत गावात. पुढच्या आठवड्यात एका घरी हळद होती. मटणाची पंगत बसली होती, मीही होते. वाढणारीला तुळशी मोठ्याने म्हणाली, "ठमीला इकरचं नको वारू. तिला बिनमिठाचं लागतं."

पंगतीत हसू पसरलं. ठमीबाय अर्ध्या ताटावरून उठली, हात धुतला आणि चालत घरी आली. मी मागोमाग आले. ती ओटीवर बसली होती, अंगावर नेसूचं नवं लुगडं तसंच.

"बाई," ती म्हणाली, "ज्या तोंडानं बोलली ना ती बंगल्यावरची मॅडम, त्या तोंडाला मी सोडनार न्हाय. कवा, कसं, मना म्हाईत न्हाय. पन सोडनार न्हाय."

आवाजात रागसुद्धा नव्हता. भाजीला काय करायचं हे सांगावं तसं सांगितलं तिने.

दोन दिवसांनी ती एसटीने अलिबागला गेली. जनावरांच्या दवाखान्यात डूखला दरवर्षी लस टोचायला तीच न्यायची, तिथले डॉक्टर तिला ओळखत. त्यांच्याकडून तिने लिहून आणलं, की हा कारवानी जातीचा कुत्रा असून त्याचं वजन सात वर्षं योग्य राहिलं आहे, या जातीच्या बरगड्या दिसणं हे निरोगीपणाचं लक्षण आहे. खाली सही आणि शिक्का. तिला वाचता जेमतेम येत होतं. माझ्याकडून तिने ते तीनदा वाचून घेतलं आणि ओटीवर खिळ्याला टांगलं. अलिबागेतच लॅमिनेशन करून आणलं होतं. येणारा-जाणारा पाणी प्यायला थांबला तरी त्याला आधी ते वाचायला लागायचं.

बंगल्यावर मॅडमनी शहरातून एक नवरा-बायको कामाला आणून ठेवले. त्यांच्याबरोबर कुत्र्याच्या कोरड्या खाण्याच्या मोठ्या पिशव्या आल्या. त्या गोळ्या निळ्या काठाच्या बशीत ओतल्या गेल्या. डूखने बशीकडे पाहिलं, मग ओतणाऱ्याकडे, आणि तो पायऱ्यांवर जाऊन बसला.

दुसऱ्याच दिवशी, दुपारच्या सुट्टीत मी घरी जेवायला आले, तर तो आमच्या कवाडाबाहेर उभा होता. दोन किलोमीटर चालून आला होता, गावातून, भर रस्त्याने. कवाड नुसतं लोटलेलं होतं. तो ते उघडलं जायची वाट पाहत होता.

ठमीबाय आत ओट्यापाशी उभी होती. तिने त्याला पाहिलं होतं.

"उघडू का?" मी विचारलं.

"न्हाय."

अर्धा तास तो उभा राहिला. मग बुधाजीने जाळं बाजूला ठेवलं आणि कुणाला काही न विचारता कवाड उघडलं. डूख आत आला, ओटीवर चढला, त्या लॅमिनेशनच्या कागदाखाली बसला. रस्त्याकडे तोंड, ठमीबायकडे पाठ.

"याला कोनी घास घालायचा न्हाय," ठमीबाय आतून म्हणाली. "आज घास घातला तर उद्या सांगतील, कुत्रा फितवून नेला."

संध्याकाळी बंगल्यावरचा माणूस गाडी घेऊन आला. डूख उठला नाही. दोघांनी त्याला उचललं तेव्हा त्याने अंग सैल सोडलं आणि गादीची गुंडाळी न्यावी तसा तो नेला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत कवाडाशी उभा. पुन्हा नेला, पुन्हा आला. मग त्या माणसानेही नाद सोडला.

तो पाणी प्यायचा, बाकी काही नाही. मी दूधपोळी कालवून ठेवली आणि दोन पावलं मागेही सरले. त्याने हुंगली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. त्याला माझा अपमान करायचा नव्हता, एवढं मात्र जाणवलं. त्याची कोंबडी, त्याचा भोपळा, त्याची बाई, यांखेरीज त्याला दुसरं काही मान्य नव्हतं, एवढंच. आतली बाई आपल्या माणसांचा स्वयंपाक करत होती आणि बाहेर येत नव्हती. दोघांत एक भिंत. कोण आधी हलतो ते पाहायचं, असं चाललं होतं.

आमच्याकडे येऊ लागल्याच्या चौथ्या दिवशी त्याच्या बरगड्या खरोखरच मोजता येऊ लागल्या. बुधाजी ओरडला. त्याला मी एरवी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "तुझं भांडन त्या बाईशी हाय. जीव याचा चाललाय."

"जाऊ दे," ठमीबाय म्हणाली.

मला ते ऐकवलं नाही. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही.

दुपारी तिने सुनेला, मृणालीला, बाहेर बोलावलं. "याचा फोटू काढ. बरगड्या दिसल्या पायजेत. आनि धाड मॅडमला. लिव, आता बगा उपाशी कुत्रा कसा दिसतो."

मृणालीने माझ्याकडे पाहिलं. तिने फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बोटीने वल्लरी मॅडम आल्या. शाळेला सुट्टी होती, मी घरीच होते. अंगणाअंगणांत बायका सुकट वाळत घालत होत्या. मॅडमची गाडी घरतांच्या दारात थांबलेली दिसली तशा त्या हात पुसत जमल्या. तुळशीही आली, लांब, आपल्या कुंपणाशी.

मॅडम धावतच ओटीवर चढल्या. डूखच्या गळ्यात हात घातला. त्याने ते होऊ दिलं, पण शेपटी हलवली नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ठमी, त्याला काहीतरी घाल ना गं. तुझ्याच हातचं खाईल तो."

"बसा," ठमीबाय म्हणाली.

खुर्ची तिने दिली नाही. मॅडम जमिनीवर बसल्या, डोक्यावर तो शिक्क्याचा कागद. ठमीबाय आत गेली. भोपळा चिरल्याचा आवाज आला, मग कुकरची शिट्टी. मॅडमनी मान वर करून कागद वाचला, मग खाली घातली. बायका उभ्याच होत्या.

ठमीबाय दोन ताटल्या घेऊन बाहेर आली. दोन्हींत तेच, एकाच भांड्यातलं. वाफाळता पिवळट गाळ, त्यात कोंबडीचे पाय. एक तिने फुंकून, पदराने वारा घालून निववली आणि डूखपुढे ठेवली. दुसरी मॅडमपुढे.

"मुक्या जनावराच्या तोंडचं मी काय घरी नेत होते, ते चाखा."

"ठमी, अगं हे काय…"

"तो नंतर जेवेल. मी मागं सरल्याबिगर तो तोंड लावायचा न्हाय, तुमाला म्हाईत हाय. आनि मी सरनार न्हाय."

ती त्याच्या ताटलीला पाय लावून उभी राहिली. डूख उठून बसला होता. त्याच्या तोंडातून लाळेची तार ताटलीपर्यंत लोंबत होती, सगळं अंग थरथरत होतं. त्याने ताटलीकडे पाहिलं, ठमीबायच्या पावलांकडे पाहिलं आणि तो थांबला. पाच दिवसांचा उपाशी प्राणी, नाकाखाली अन्न, आणि रीत मोडायला तयार नाही. मला वाटतं, त्या क्षणी ओटीवर सर्वांत मोठा तोच होता.

मॅडमनाही ते पाहवलं नाही. त्यांनी चार बोटांनी घास उचलला आणि तोंडात घातला. चेहरा आवळला. कसाबसा गिळला.

"पुरं करा," ठमीबाय म्हणाली.

"ठमी, मला खरंच…"

"सात वर्सं हे शिजवलंय मी. माझी चार मानसं हे चोरून खात व्हती म्हनलात. पुरं करा."

कुंपणाशी तुळशी फिसकन हसली. ठमीबायने अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे तोंड केलं. "तुलशे, तुला पन वारू? भरपूर हाय."

तुळशीचं हसू तिथेच विरलं. पुन्हा कुणी हसलं नाही.

मॅडम खात राहिल्या. रडत होत्या आणि खात होत्या. अर्धी ताटली झाल्यावर त्यांनी हात थांबवला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"मोठ्यानं."

"मी चुकीचं बोलले. ठमीने काही नेलं नव्हतं."

बायकांमध्ये कुजबुज झाली. ठमीबायने ती संपू दिली, आणि मग दोन पावलं मागे सरली.

डूख लगेच तुटून पडला नाही. आधी पुढचे पाय ताणून त्याने अंग मोडलं. मग मान खाली घातली आणि सावकाश, एक शीतही बाहेर न सांडता जेवला. जेवून झाल्यावर पायऱ्या उतरला, गाडीशी जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरने दार उघडलं, अर्धवट. तो थांबला. ड्रायव्हरने पूर्ण उघडलं. मग तो आत चढला आणि मागच्या सीटवर बसून समोर पाहू लागला.

आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, तो ठमीबायकडेच राहील. तसं काही नव्हतं. बंगला त्याचा होता. तो फक्त आपला स्वयंपाक परत मागायला आला होता.

मॅडमनी तिला कामावर यायला खूप विनवलं. ती गेली नाही, आजवर त्या फाटकातून आत गेलेली नाही. ठरलं ते असं, की कोंबडी आणि भोपळा बंगल्यावरून ठमीबायच्या ओटीवर यायचा. पण जेवण बंगल्यावर जायचं नाही. जेवणारा इथे येईल. तेव्हापासून साडेबाराच्या आधी डूख बंगल्यातून निघतो आणि भर रस्त्याने चालत येतो. रिक्षावाले त्याच्यासाठी थांबतात, कारण तो थांबत नाही. शनिवारी बंगल्यात पाहुणे टेबलाशी बसलेले असले की हा सगळ्यांसमोर उठून जेवायला गावात निघतो, आणि कुठे जातो हे मॅडमना दरवेळी सांगावं लागतं. ठमीबायला ते माहीत आहे. शनिवारी ती मुद्दाम ओटी सारवून ठेवते.

एकदा भोपळा सोलताना मी तिला विचारलं, त्या दिवशी मॅडम आल्या नसत्या तर?

तिने मान वर केली नाही. "घातलं नसतं," म्हणाली.

ती आत गेल्यावर मृणाली मला हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, ते सगले दिवस सासूबाई पन जेवल्या न्हायत. ताट घेऊन मागं जायच्या नि कोंबड्यांना टाकायच्या. आमाला वाटायचं जेवल्या."

यंदा मार्चमध्ये मॅडमनी शेवटचा प्रयत्न केला. डूखला कायमचं मुंबईला न्यायचं ठरवलं. रविवारी सकाळी मांडव्याला गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीच्या रांगेत गाडी लागली. रांगेत वेळ होता, म्हणून ड्रायव्हरने त्याला मोकळं व्हायला खाली उतरवलं. काम उरकून तो रांगेच्या मधोमध येऊन बसला, पुढचे पाय एकावर एक. मग उठेना. मागे गाड्यांचे भोंगे सुरू झाले. मॅडमनी समजावलं, ओढलं, बिस्किटं दाखवली. त्याने त्यांच्या डोक्यावरून समुद्राकडे पाहिलं.

ड्रायव्हरने ठमीबायला फोन केला. ती म्हणाली, "माझा काय संबंध?" फोन ठेवला, आत गेली, हळदीचं ते नवं लुगडं नेसली आणि मला म्हणाली, "बाई, चला, रिक्षा सांगली हाय."

आम्ही जेट्टीवर पोचलो तेव्हा मागच्या गाड्या त्याला वळसा घालून बोटीत चढत होत्या. ठमीबाय पुढे गेली नाही. शहाळेवाल्याच्या छत्रीखाली उभी राहिली. एक शहाळं फोडून घेतलं आणि नळीने घोट घोट प्यायली. मॅडमनी तिला पाहिलं, हात केला. तिने हात केला नाही. डूखनेही तिला पाहिलं असणार. त्याने तसं दाखवलं नाही.

बोटीचा दरवाजा वर गेला. बोट सुटली, वळली, लहान झाली. मग डूख उठला, अंग झाडलं आणि गाडीच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. मॅडमनी स्वतः येऊन दार पूर्ण उघडलं.

गाडी गावाकडे परत निघाली, तिच्यामागे आमची रिक्षा. मागच्या काचेतून डूखचे कान दिसत होते, शेजारी मॅडमची वाकलेली मान. रस्ता मोकळा होता. रिक्षावाल्याने भोंगा देऊन पुढे काढायला घेतली.

"नको काढू," ठमीबायने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मागंच ठेव. मना बगू दे."